जित्या माणसाला हार

त्या स्टुडिओतला काळा कोट माझ्या आधी किती मेलेल्यांच्या अंगावर बसला होता ते फोटोमास्तरांनाही सांगता आलं नसतं. मावळात तेव्हा असंच चालायचं. माणूस जन्मभर खाचरात राबायचं, एकदाही कॅमेऱ्यापुढे उभं न राहता मरून जायचं, आणि मग कधीतरी घर नवं बांधलं, भिंतीला चुना लागला की घरच्यांना त्याची आठवण व्हायची. भिंतीवर देव आहेत, कॅलेंडर आहे आणि बाप नाही, हे बरं दिसत नसे. मग कुणीतरी लोणावळ्याला जायचं. तिथे बाजारात एका जिन्याखालच्या लांबट खोलीत मास्तरांचा स्टुडिओ. तळेगावात स्टुडिओ होते, नाही असं नाही, पण मेलेल्याचा फोटो करून देणारे मास्तर एकटेच. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "घरात त्यांच्यासारखं कोण दिसतं? त्याला घेऊन या." त्या जित्या माणसाला तो कोट चढवायचा, डोक्याला फेटा बांधायचा आणि खुर्चीवर बसवून फोटो काढायचा. मिशी, सुरकुत्या, कपाळाचं गंध, जे कमी पडेल ते मास्तर नंतर बारीक ब्रशने भरायचे. अजूनही मावळातल्या जुन्या घरात पाऊल टाकलं की माझी नजर आधी भिंतीकडे जाते. वेगळ्या गावांचे, वेगळ्या आडनावांचे मेलेले, आणि सगळ्यांच्या अंगात तोच कोट, वरून तिसरं बटण तुटलेला.

माझं नाव हिरा. जन्माने मुलगी, बोलते अजून मुलीसारखीच, आणि कपडे गेली चाळीस वर्षं पँट-शर्ट. लोणावळ्याच्या भाजीबाजारात मला पाठीमागून "ओ भाऊ" म्हणतात आणि मी तोंड उघडलं की "मावशी" म्हणतात. मी दोन्हींना ओ देते, मेथीचा भाव मात्र एकच करते. मी नेमकी कोण असं विचारायला हल्ली चांगली शिकलेली मुलं येतात. त्यांच्याकडे त्यासाठी शब्द असतात, बरेच असतात, आणि दुकानात चपला काढून दाखवाव्यात तसे ती मला एकेक दाखवतात, हा बसतो का बघा म्हणून. काही बसतात, काही चावतात. मी ज्या वयाचं सांगतेय त्या वयात माझ्याकडे यातला एकही नव्हता. नुसती एक धाकधूक होती, की घरात हिरा म्हणून जी वावरते, शेण काढते, वेणी घालून घेते, ती दुसरीच कुणीतरी आहे आणि मी कुठेतरी अंगणात उभी आहे.

आमचं घर नवलाख उंबऱ्याच्या अलीकडच्या वाडीत. आता तिथे कारखान्यांची कुंपणं आली आहेत आणि रात्रपाळीच्या बसेस उभ्या असतात. तेव्हा सगळी भाताची खाचरं होती. घरात माणसं पाच. मी, आई, वडील, ज्यांना मी दादा म्हणायचे, वडलांचे चुलते आबा, आणि नानी. नानी म्हणजे माझी चुलती, दादांच्या थोरल्या भावाची बायको. हा भाऊ, सखाराम, लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच लावणी करताना पान लागून गेला. साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. दादा तेव्हा सात-आठ वर्षांचे. नानी चौदाची. ती माहेरी गेली नाही, पुन्हा कुणी तिचा विचार केला नाही, आणि चुलीपाशी जी बसली ती तिथेच. मला तिचं बोलणं फारसं आठवत नाही, भाकरीचा आवाज आठवतो. आई भाकरी थापायची ती घाईने, फटफट. नानीची थाप मऊ असायची आणि मध्येच थांबायची, कुणी बोलावलं की काय असं ऐकल्यासारखी. मग पुन्हा सुरू. आंबेमोहोराचा भात रटरटायला लागला की सगळी वाडी घमघमायची, त्यावर हुलग्याचं माडगं आणि भाजलेली सुकट, आणि मला जास्तीची सुकट नानीच वाढायची, आईची नजर चुकवून.

त्या वर्षी दादांनी कुडाची भिंत पाडून विटांची बांधली. त्याच वर्षी माझं लग्न जमवायचं निघालं. माझ्या पाठची दोन पोरं जगली नव्हती, म्हैस गाभडली होती, आणि माझ्यासाठी दोन ठिकाणं येता येता राहिली होती. आबांनी ओसरीवर बसून निकाल दिला. "सखाराम अडून बसलाय. त्येला ह्या घरात जागा न्हाई. देव्हाऱ्यात चांदीचा टाक न्हाई, भिताडावर फोटू न्हाई. भिताडावर आना त्येला, मंग बगा." फोटो कुणावरून करायचा हा प्रश्न आला तेव्हा आबांनी हात लांब करून माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. "ही काय! थेट सखाराम. नाक त्येच, जिवणी त्येच." आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोर म्हैस आहे की आई आहे हे ते आवाजावरून ओळखायचे. पण त्या घरात आबा बोलले की संपलं. आई तेवढी म्हणाली, "अवो, पोरीच्या जातीला फेटा?" त्यावर आबा खेकसले, "फोटूला कसली जात आलीया?"

असं एका फेरीत दोन फोटो काढायचे ठरले. एक स्थळाकडे पाठवायला माझा, साडीतला. दुसरा भिंतीवर लावायला सखारामचा, माझ्यावरून. भात झोडून झालं होतं, सकाळी धुई इतकी दाट की पुढच्या माणसाची नुसती खोकल्यावरून खूण पटायची. दादा, मी आणि नानी असे तिघं निघालो. नानी का, तर आबांना आता दिसत नव्हतं, दादा तेव्हा लहान होते, आणि सखारामचा चेहरा जवळून पाहिलेलं तिसरं जितं माणूस तेवढंच. ती कधी वाडीबाहेर जायची नाही. गाडीत खिडकीशी बसून तिने कामशेतपासून पुढे एकदाही पापणी लववली नसावी. लोणावळ्याला उतरलो तर तिथेही धुकं, भुशीकडचा डोंगर दिसतच नव्हता, आणि बाजारातल्या चिक्कीच्या वासात ओल्या कपड्यांचा वास मिसळलेला.

स्टुडिओत पडद्यावर एक तळं रंगवलेलं होतं. गिऱ्हाइकं म्हणायची तुंगार्लीचं, मास्तर म्हणायचे काश्मीरचं. मास्तर बारीक, पांढऱ्या झब्ब्यातले, शहरी बोलणारे. आधी माझा फोटो झाला. आईच्या लग्नातली साडी, पावडर, हात प्लॅस्टिकच्या फुलांच्या कुंडीवर. "मान जरा तिरकी. नजर खाली. हसा, पण दात नकोत." मी सगळं केलं. मास्तरांनी कापडाखालून डोकं काढलं आणि म्हणाले, "पुन्हा." असं तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे न बघता दादांना सांगितलं, "मुलगी चांगली आहे हो, पण फोटोत कुणी बसत नाहीये." दादा ओशाळून हसले. मलाही वाईट वाटलं, कारण मी खरोखर मनापासून प्रयत्न करत होते.

मग कोट आला. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्याखाली दुसरा एक, किती माणसांचा कोण जाणे. माझी वेणी गुंडाळून मास्तरांनी वर फेटा बांधला, कॉलर ओढली, खांद्यांना धरून मला आरशापुढे वळवलं आणि ब्रश शोधायला बाजूला झाले. आरशात एक तरुण माणूस उभा होता. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला बघून मला जे वाटलं त्याला भीती म्हणू की आनंद, हे मी आज पासष्टीत सांगू शकत नाही. एवढं खरं, की मी त्याला ओळखलं. सखाराम म्हणून नाही. सखाराम मला काय माहीत? इतकी वर्षं अंगणात जे कुणी उभं होतं ना, ते आत आलं होतं. मला वाटलं, आता कुणी बोललं तर हा जाईल.

"बाई, तुम्ही बघा," मास्तर नानीला म्हणाले. "बसतो का चेहरा? काही कमीजास्त असेल तर आत्ताच सांगा."

नानी बाकावरून उठली. जवळ आली. तिने इतका वेळ माझ्याकडे बघितलं की दादांनी खाकरून घसा साफ केला. मग तिने पदर कपाळावर ओढला, सासरच्या वडीलधाऱ्यापुढे ओढतात तसा, आणि नुसती मान डोलावली. मास्तरांनी मला खुर्चीवर बसवलं. "आता श्वास रोखा. पापणी हलवू नका. मेलेलं माणूस हलत नाही." मी हलले नाही. एकाच फोटोत काम झालं. मास्तर "झालं" म्हणाले तरी मी तशीच बसून राहिले, शेवटी दादांनी खांद्याला हात लावला, आणि लावल्या लावल्या मागे घेतला.

पुढे मी त्याच स्टुडिओत अठरा वर्षं काम केलं, कोट कित्येकांना चढवला. आता मोबाइलवर बोट लावलं की बाईचा बाप्या होतो आणि बाप्याची बाई, पोरं एकमेकांना दाखवून खिदळतात. मीही हसते. पण त्यांच्यातलं एखादं हसता हसता मध्येच गप्प होतं, स्क्रीनवर बोट तसंच ठेवून बसतं, तेव्हा मी उठून चहा टाकायला जाते. अशा वेळी समोर कुणी असू नये.

आठ दिवसांनी दादा फोटो घेऊन आले. ओसरीवर दोन्ही पाकिटं उघडली. साडीतली मी आईने हातात घेतली आणि तिचा चेहरा पडला. नाक, डोळे सगळं जागच्या जागी होतं, पण ज्याचे डोळे मिटायचं कुणी विसरून गेलंय अशा मढ्यासारखी नजर होती. आईने फोटो चटकन पदराखाली घेतला. मग दुसरं पाकीट. फेटा, कोट, मास्तरांनी काढलेली बारीक मिशी, आणि तो बघत होता. कुठूनही बघा, तो तुमच्याकडेच बघत होता. आबांनी फोटो नाकाला लावून पाहिला आणि त्यांच्या त्या दुधाळ डोळ्यांतून पाणी आलं. "आला रं माजा सखाराम." शेजारणी जमल्या. एक बाई खालच्या आवाजात म्हणाली, "बया गं, जित्या पोरीचा फोटू मेल्यागत, आन मेल्याचा जित्यागत कसा?"

फोटोला चौकट झाली, माजघरात समोरच्या भिंतीवर लागला. दादांनी झेंडूचा हार घातला, काचेवर गंधाचा टिळा लावला. नानी रोज सकाळी पदराने काच पुसायची आणि पहिल्या भाकरीचा एक घास खालच्या फळीवर ठेवायची. हळूहळू घराची चाल बदलली. दादा कामाला बाहेर पडताना फोटोपुढे थांबून "येतो भाऊ" म्हणायला लागले. एकदा ते असं म्हणून वळले, तर दारात मी, शेणाची पाटी घेऊन. ते बाजूला झाले. मला वाट दिली. थोरल्या भावाला देतात तशी, खाली बघून. मग त्यांच्या लक्षात आलं आणि मला उगीचच ओरडले, "हितं काय करतीस?" शेजारची पोरं आमच्या माजघरातून धावत जायची, आणि मी समोर आले तर आणखी जोरात.

माघातल्या एका सकाळी काचेवर वाफ धरलेली दिसली. थंडीत काचेवर वाफ धरते, मला त्याची सगळी कारणं पुढे कळली. पण ती बाकी काचेवर नव्हती, फक्त त्याच्या नाकातोंडापुढे होती, आणि माझ्या देखत ती एकदा कमी झाली आणि पुन्हा वाढली. हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही. खरं सांगायचं तर मी त्या फोटोखाली जाऊन बसायला लागले होते. तांदूळ निवडायचे तर तिथे, पोतं शिवायचं तर तिथे. वर तो बघतोय म्हटलं की मला श्वास पुरायचा. आणि त्याच वेळी अंगावर काटा यायचा, कारण हार त्याला होता. उदबत्ती त्याला होती. मला पहिल्यांदा जे माझं म्हणून सापडलं होतं ते घरच्यांनी मेलेलं म्हणून टांगलं होतं, आणि मी त्याच्याखाली बसून खडे वेचत होते.

स्थळं येऊ लागली. पहिले आले ते देहूकडचे, मुलगा, त्याची आई आणि एक मामा. त्यांना बसवलं माजघरात, फोटोखाली नाही, फोटोसमोर. मी पोह्यांच्या बश्या घेऊन आत गेले आणि नेमकी भिंतीला पाठ करून उभी राहिले. मुलाने वर बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. बशी घ्यायला पुढे केलेला हात त्याने तसाच गुडघ्यावर ठेवला. त्याच्या आईने विचारलं, "ह्ये कोन म्हनायचं?"

"पोरीचा चुलता," दादा म्हणाले. "पान लागून गेला. लय वर्सं झाली."

त्या बाईने हातातला पाण्याचा तांब्या न पिता खाली ठेवला. "आमाला वडगावात काम हाय जरा," ती म्हणाली आणि उठली. मामाने पोह्यांचा एक घास घेतला होता, तो त्याने अंगणात जाऊन थुंकला. पुढची दोन ठिकाणंही अशीच गेली. फोटो तात्पुरता उतरवा असं आईने सुचवलं, पण आबा म्हणाले, "त्येला आनलाय त्यो काय पाव्हन्यासाठी उतरवायला?" मग कुणी आलंच नाही. मला, सांगायला लाज वाटत नाही आता, प्रत्येक वेळी सुटल्यासारखं व्हायचं.

मग मला ताप भरायला लागला. हिवताप, दिवसाआड. डॉक्टरच्या गोळ्या कडू जहर. पण आईने वेगळाच हिशेब धरला. दादा ज्या दिवशी ताजा हार घालायचे त्याच दिवशी माझे दात वाजायला लागायचे. तीन वेळा तिने बघितलं, चौथ्यांदा तिने हातातलं सूप आपटलं. मी माजघरात वाकळेत पडले होते, आबा माळावर उन्हाला गेले होते. "अवो, आपन काय करून बसलो!" ती दादांना म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "त्यो फोटू कुनाचा हाय? कोट दुसऱ्याचा, मिशी रंगाची, पर त्वांड कुनाचं हाय? माज्या पोरीचं! जित्या माणसाला हार घातलाय आपन, रोजच्या रोज! ती मरंल न्हाई तर काय हुईल?"

दादा एकदम खाली बसले. हे त्यांना सुचलंच नव्हतं. कुणालाच सुचलं नव्हतं. साऱ्या मावळाने मास्तरांकडून असे फोटो करून घेतले, हार घातले, आणि त्या कोटातला जिता माणूस रोज शेतावर जात होता, याचा विचार कुणी केला नव्हता. आईने पाटावर चढून फोटो उतरवला, हारासकट जुन्या लुगड्यात गुंडाळायला लागली. "इंद्रायणीत सोडून या. आत्ताच्या आत्ता. आबा यायच्या आत."

मी उठून बसले. डोकं गरगरत होतं. मला कळत होतं की गप्प बसले तर तो पाण्यात जाणार, ताप उतरणार, स्थळं येणार, आणि आईच्या पदराखालच्या पाकिटात जी बाई आहे ती एका घरी नांदायला जाणार. आणि बोलले तर काय होणार हे मला काही दिसत नव्हतं. दादा लुगड्याचं गाठोडं घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले.

"बुडवू नका," मी म्हणाले. "त्यो मेलेला न्हाई. त्यो मी हाय."

"मंग तेच सांगतीय न्हवं मी!" आई म्हणाली. "तुजंच त्वांड हाय म्हनूनच..."

"त्वांड न्हाई. त्यो मी हाय. साडीतल्या फोटूत बगा की, हाय का मी त्यात? मास्तर बी म्हनले, कुनी बसंना. मी ह्येच्यात हाय, आये. हितंच हाय फकस्त. ह्यो गेला तर माज्याकडं काय ऱ्हात न्हाई." हे बोलताना मी रडत होते. थंडीने की कशाने, माझे शब्द दातांवर आपटत होते. आई माझ्याकडे अशी बघत होती की मला तिच्या कुशीत शिरावंसं वाटलं आणि ती मागे सरकेल अशी भीतीही वाटली. ती सरकली नाही. पुढेही आली नाही.

दादांनी दोघींकडे बघितलं. मग ते चुलीकडे वळले. नानी आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती, एवढं सगळं चाललं तरी थांबली नव्हती. "वैनी," दादा म्हणाले, "तुमी बोला. मालक तुमचा हाय त्यो. तुमी म्हनाल तसं. बुडवू का ठिवू?"

थाप थांबली. "माजा मालक?" नानी म्हणाली. मी तिचा इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. "भावजी, म्या त्येंचं त्वांड कवा बगितलं? चौदा वर्सांची हुते. दिवसा पदर फुडं, राती दिवा न्हाई. एकदाच धड बगितलं, पान लागल्यावर अंगनात निजवलं हुतं तवा. आन तवा सुजून निळं पडलं हुतं. मिशी तर फुटली बी न्हवती. ह्यो त्यो न्हवं. ह्यो त्येंच्यावानी जरा बी दिसत न्हाई."

दादांनी गाठोडं छातीशी धरलं. "मंग... मंग स्टुडिओत मान का डोलावलीत?"

"त्या आरशात पोर हुबं ऱ्हायलं न्हवं का," नानी म्हणाली, "तवा ह्या घरातलं कुनीतरी धड जितं दिसलं मला. लय वर्सांनी. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. भिताडावर का हुईना, ऱ्हाऊ द्या."

"आन हार?" आई कळवळून म्हणाली. "पोरीला हार घातलेला चालला तुमाला?"

"हार तुमी घातलासा. आबांनी सांगितलं, भावजींनी घातला. मी इदवा बाई, मला कोन इचारतंय? मी काच पुसत हुते. घास ठिवत हुते, व्हय. भूक जित्यालाच लागती." ती उठली. हात पिठाचे. दादांच्या हातातून तिने गाठोडं घेतलं, लुगडं सोडलं, हार ओढून काढला आणि दारातल्या म्हशीपुढे टाकला. पदराचं टोक जिभेला लावून काचेवरचं गंध खसाखसा पुसलं, अगदी डाग राहू नये असं, पोराचं तोंड पुसतात तसं. मग पाटावर चढली आणि फोटो परत खिळ्याला लावला. आईने तिला अडवलं नाही. आई माझ्यापाशी येऊन बसली आणि बराच वेळ माझ्या पायावर वाकळ नीट करत राहिली, जी नीटच होती.

दादा उंबऱ्यात उभे होते. त्यांच्याकडे बघून मला त्यांचीच दया आली. "वैनी," ते म्हणाले, "उद्या कुनी आलं, इचारलं, ह्यो कोन म्हनून, तर मी काय सांगायचं?"

तव्यावरची भाकरी करपत होती. नानी तिकडे गेली, बोटांनी उलटली, आणि मागे न बघता म्हणाली, "सांगा, घरातलंच हाय कुनीतरी. रानात गेलंय. येईल."